येऊरचं माकड आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे

वर्तकनगर, उपवन, कोकणीपाडा, पोखरण रोड, घोडबंदरच्या डोंगराकडच्या सोसायट्या, इथे राहणाऱ्यांना माकडं काही नवीन नाहीत. येऊरच्या जंगलातून उतरतात, टेरेसवर पापड वाळत घातले असतील तर ते संपवतात, कुणाच्यातरी किचनमधून केळी उचलतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'खिडक्या लावून घ्या' असा मेसेज फिरतो. त्याखाली कुणीतरी काका हमखास टाकतात, पूर्वज आलेत बघा भेटायला. मग दुसरं कोणीतरी विचारतं की माकडाचा माणूस झाला तर ही माकडं अजून माकडंच कशी राहिली, यांचा नंबर कधी लागणार? चार हसरे इमोजी आणि विषय संपतो.

प्रश्न मात्र चांगला आहे. बहुतेकांच्या डोक्यात उत्क्रांती म्हणजे ते टीशर्टवरचं चित्र असतं ना, डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग अजून कमी, आणि शेवटी उजवीकडे ताठ चालणारा माणूस, त्या चित्रातूनच हा प्रश्न येतो. त्या एका चित्राने जेवढा घोळ घातलाय तेवढा उत्क्रांती न मानणाऱ्यांनीही घातला नसेल असं माझं मत आहे. ती रांग नाहीच, ती वंशावळ आहे.

म्हणजे कसं, कळवा, बाळकुम, ऐरोली, दिवाळे, कुठलंही आगरी-कोळी गाव घ्या. एका पणजोबाची आज आठ-दहा घरं झालेली असतात. पणजोबा खाडीत मासे मारायचा. आज एका घरातला पोरगा अजून होडी घेऊन खाडीत जातो, दुसऱ्या घरातला एमआयडीसीत कामाला आहे, तिसऱ्या घरातली मुलगी बँकेत आहे. होडीवाला भाऊ पणजोबाचंच काम करतो, कदाचित दिसतोही तसाच, पण म्हणून तो बँकेतल्या बहिणीचा पणजोबा होत नाही, दोघंही पणजोबापासून सारख्याच पिढ्या लांब आहेत. आणि 'तू अजून बँकेत का नाही लागलास' असं त्याला विचारण्यातही अर्थ नाही, कारण भरती-ओहोटी आणि जाळ्यातलं जे त्याला कळतं ते बहिणीला येत नाही. येऊरचं माकड आणि आपण, आपलं नातं हे असं आहे. त्याचा आणि आपला सामाईक पूर्वज साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तेव्हापासून दोन्ही घरं आपापल्या वाटेने बदलत आलीत. माकड काही तिथे थांबून राहिलेलं नाही.

आता इथे विज्ञानाची बाजू घेणारे लोकही घाई करतात. 'माणूस माकडापासून झालाच नाही, फक्त सामाईक पूर्वज होता' असं एकदम ठासून सांगतात, जणू तो पूर्वज कोणी सभ्य दिसणारा गृहस्थ होता. तो सामाईक पूर्वज आज येऊरच्या एखाद्या झाडावर बसलेला दिसला असता तर तुम्ही आम्ही सगळ्यांनी त्याला माकडच म्हटलं असतं. शेपूट, चार पायांवर चालणं, सगळं होतं. त्यामुळे आजच्या माकडांपासून माणूस झाला नाही हे शंभर टक्के खरं, पण आपल्या खापरपणजोबांमध्ये माकडासारखे दिसणारे होते हेही तेवढंच खरं, त्यात लाजायचं काय ते मला कळत नाही.

आधी कोण कोण आहे ते बघू. आपल्याकडे येऊरला आणि पलीकडे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दोन प्रकार दिसतात, एक लाल तोंडाचं माकड आणि एक काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, म्हणजे लंगूर. दोघं शेजारी शेजारी राहतात पण त्यांचं घर वेगळं होऊन दीड कोटीपेक्षा जास्त वर्षं झालीत. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात, मिळेल ते पटकन कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन आरामात खायचं, म्हणून तर तुमच्या हातातलं पाकीट गेलं की ते गाल फुगवून पळतं. वानराला त्या पिशव्या नाहीत, त्याच्याकडे त्याऐवजी कप्पे असलेलं मोठं पोट आहे ज्यात बॅक्टेरिया पाला कुजवून देतात, त्यामुळे ते दिवसभर पाला खात बसू शकतं. ही दोन्ही माकडं. यांच्यापेक्षा वेगळा गट एप लोकांचा. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, आणि आपण. एप ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट नसते. भारतात माणूस सोडला तर एपमध्ये फक्त गिबन उरलेत, तेही ईशान्येकडच्या जंगलात, आसाम-अरुणाचलच्या बाजूला, हूलॉक गिबन नावाचे. बाकी कोणी नाही.

आणि यातली खरी धक्का देणारी गोष्ट अशी की चिंपांझी हा गोरिलापेक्षा माणसाला जास्त जवळचा आहे. दिसायला चिंपांझी आणि गोरिला एका घरातले वाटतात, केसाळ, काळे, हात टेकून चालणारे, पण डीएनए बघितला तर गोरिलाचं घर आधी वेगळं झालं, साधारण ८० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वी, आणि मग चिंपांझी आणि माणूस साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी. चिंपांझीला त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक विचारला तर आधी बोनोबो, आणि त्याच्यानंतर लगेच आपण. येऊरचं माकड तर त्याच्याही खूप लांबचं, जेवढं आपल्या लांबचं तेवढंच.

बरं, सुरुवात कुठून झाली? योगायोग असा की तो काळ आपल्या पायाखालीच पडलाय. येऊरचा डोंगर, पारसिकचा डोंगर, तुर्भ्याच्या खाणीतून निघणारी काळी खडी, हे सगळं लाव्हा थंड होऊन झालेला बसाल्ट आहे. दख्खनचे हे लाव्हाचे लोट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे वाहिले, त्याच सुमाराला तिकडे मेक्सिकोच्या युकातान भागात लघुग्रह आदळला, आणि पक्षी सोडले तर डायनोसॉर संपले. त्यानंतर जंगलं परत उभी राहिली, फळं देणारी झाडं वाढली, आणि त्या झाडांवर किडे-फळं खात फिरणाऱ्या छोट्या छोट्या प्राण्यांमधून प्रायमेट, म्हणजे मराठी पुस्तकांतला नरवानर गण, पुढे आला. अमेरिकेत मोंटानामध्ये पर्गेटोरियस नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याचे दात मिळालेत, ६.५ कोटी वर्षांच्या आसपासचे, प्रायमेटच्या सगळ्यात जुन्या पाहुण्यांमध्ये त्याला धरतात.

आता कोणी विचारेल की मग आपल्या डोंगरात का नाही सापडत असले जीवाश्म. कारण साधं आहे, उकळत्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. हाडाचा दगड व्हायला गाळ लागतो, नदीचा, तळ्याचा, दलदलीचा, जो प्राणी मेल्यावर पटकन त्याला झाकून टाकेल. लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये जिथे मध्ये तळी साचली तिथे थोडंफार मिळतं, मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळालेत. पण माकडं शोधायची तर सह्याद्री उपयोगाचा नाही.

त्यासाठी घोडबंदर संपवून अहमदाबाद हायवेला लागायचं आणि सुरत जिल्ह्यात जायचं. तिथे वस्तान नावाची लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण आहे. तिथल्या थरांमध्ये साधारण ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रायमेट प्राण्यांची हाडं मिळालीत, दात तर आहेतच पण हातापायाची छोटी हाडंसुद्धा, आणि ती इतक्या साध्या, जुन्या ठेवणीची आहेत की प्रायमेटच्या दोन मोठ्या शाखा फुटल्यानंतर फार काळ गेला नसावा असं वाटतं. तेव्हा भारत हे दक्षिणेकडून तरंगत आलेलं बेट होतं, आशियाला धडकायच्या बेतात किंवा नुकतंच धडकलेलं, हिमालय अजून झालेलाच नव्हता. गुजरातच्या कोळशात आपल्या गणाची एवढी जुनी हाडं आहेत आणि आपल्याला शाळेत फक्त आफ्रिका सांगतात, हे मला जरा खटकतं.

त्या दोन शाखांपैकी एकीचे वंशज म्हणजे मादागास्करचे लेमूर आणि आपल्या दक्षिण भारतातल्या जंगलात रात्री फिरणारा, मोठ्ठ्या डोळ्यांचा लोरिस. ओलं नाक, वासावर भिस्त, रात्रीचं जगणं. दुसऱ्या शाखेत टार्सियर (मोठ्या डोळ्यांचा एक चिमुकला प्राणी), माकडं, एप आणि आपण. या दुसऱ्या शाखेने वासापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवला. दोन्ही डोळे आणखी समोर आले, म्हणजे उडी मारायची फांदी नेमकी किती लांब आहे हे कळायला लागलं. बोटांना नख्यांऐवजी चपटी नखं हे दोन्ही शाखांमध्ये बऱ्यापैकी आहे. पुढे आफ्रिका-आशियातल्या माकडांमध्ये आणि एपमध्ये डोळ्यात तीन प्रकारच्या रंगपेशी आल्या, त्याआधी दोनच होत्या, कुत्र्या-मांजरांना आजही दोनच आहेत. एक रंगाचं जीन चुकून डबल कॉपी झालं, कॉपीत थोडा बदल झाला, आणि लाल-हिरवं वेगळं दिसायला लागलं. सिग्नलला लाल दिसतो त्याचं श्रेय ट्रॅफिक पोलिसांआधी या कॉपीला जातं.

आणि एक वाकडी गोष्ट पण झाली. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, त्यासाठी गुलो नावाचं जीन लागतं. आपल्या शाखेत ते खूप आधीच, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी बिघडलं. फळं खाणाऱ्या प्राण्याला क जीवनसत्त्व बाहेरून भरपूर मिळत होतं म्हणून बिघडलं तरी कोणी मेलं नाही, आणि बिघडलेलं जीन तसंच पुढे पिढ्यान् पिढ्या जात राहिलं. आजही ते आपल्या डीएनएमध्ये पडून आहे, बंद अवस्थेत. येऊरच्या माकडातही आहे, चिंपांझीतही आहे, तसंच मोडलेलं. लेमूर आणि लोरिसचं मात्र चालू आहे. गिनिपिगचं पण बंद पडलंय पण ते वेगळं, स्वतंत्रपणे, वेगळ्या ठिकाणी. लिंबू पिळून घेताना आठवायला हरकत नाही. मला तर उत्क्रांतीचा हा पुरावा हाडांपेक्षा जास्त पटतो, कारण चांगली गोष्ट दोघांकडे सारखी असेल तर कोणी म्हणेल की बनवणाऱ्याने दोघांना तीच दिली, पण मोडकी गोष्ट त्याच पद्धतीने मोडून दोघांना कोण कशाला देईल?

पुढचं मोठं स्टेशन इजिप्त. कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचा भाग आहे, आज वाळवंट, पण साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी तिथे दमट जंगल आणि नद्या होत्या. एल्विन सायमन्स या अमेरिकन संशोधकाने १९६०च्या दशकात तिथून इजिप्टोपिथेकसची कवटी आणि जबडे काढले. मांजराएवढा, झाडावर चार पायांवर चालणारा, दात एपसारखे पण बाकी शरीर माकडासारखं. माकडं आणि एप वेगळे व्हायच्या जरा आधीचा कोणीतरी. म्हणजे वर म्हटलं ना, येऊरच्या झाडावर दिसला असता तर माकडच म्हटलं असतं, तो असाच काहीसा असणार.

मध्येच एक साहस सांगून टाकतो. दक्षिण अमेरिकेतली माकडं, ती शेपटीने फांदी पकडणारी वगैरे, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून तिथे समुद्र ओलांडून गेले. पेरूमध्ये साडेतीन कोटी वर्षांच्या आसपासचे दात मिळालेत जे थेट आफ्रिकेतल्या प्राण्यांशी जुळतात. पूल नव्हता, अटलांटिक होता, आजच्यापेक्षा थोडा अरुंद. सगळ्यात पटणारं उत्तर असं की पुरात नदीतून वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या मोठ्या तराफ्यावर काही जनावरं अडकून पलीकडे पोचली. ऐकायला सिनेमासारखं वाटतं पण उंदरांच्या जातीचे प्राणीही असेच गेलेत.

आता शेपूट. माझा आवडता भाग. माकडं आणि एप वेगळे झाले साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्या जरा आधी, टांझानियात २.५ कोटी वर्षांच्या थरात एक एपचा जबडा आणि एक माकडाचा दात असे दोन्ही मिळालेत, २०१३ साली जाहीर झालं. आणि याच काळाच्या आसपास एपच्या घरातली शेपूट गेली. कशी गेली याचं उत्तर फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. बो शिया नावाचा तरुण संशोधक, त्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडीत बसताना माकडहाडाला मार लागला आणि ते दुखणं जाईना तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की मुळात आपली शेपूट गेली कशी. त्याने शेपटीशी संबंधित जीन माणूस-एप आणि माकडं यांच्यात ताडून बघितली. टीबीएक्सटी नावाच्या जीनमध्ये त्याला एक घुसखोर सापडला, आलू नावाचा डीएनएचा तुकडा, साधारण ३०० अक्षरांचा (बटाट्याशी संबंध नाही). हे आलू तुकडे आपल्या डीएनएमध्ये दहा लाखांच्या वर पडलेत, स्वतःची कॉपी काढून कुठेही जाऊन बसायची त्यांना खोड, आणि बहुतेक वेळा काही फरक पडत नाही. पण हा सगळ्या एपमध्ये आहे आणि एकाही माकडात नाही. तो बसलाही जीनच्या अशा भागात की जो नुसता वाचून फेकून दिला जातो, म्हणून आधी कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. पण त्याच्या जवळच एक जुना आलू उलट्या दिशेने आधीपासून बसलेला, हे दोघं एकमेकांना चिकटतात, मधला भाग वळून बाजूला पडतो, आणि त्या जीनपासून जे प्रोटीन बनायचं ते कधी पूर्ण बनतं तर कधी मधला तुकडा गाळून बनतं. उंदरांमध्ये असं अर्धं-पूर्ण मिश्रण करून बघितलं तर काहींना आखूड शेपूट आली आणि काहींना आलीच नाही.

म्हणजे शेपूट हळूहळू झिजली, न वापरल्यामुळे आखूड होत गेली, हे जे आपण ऐकलेलं असतं ते तितकंसं खरं नाही, एका अपघाती घुसखोरीने बराचसा फरक एका दमात पडलेला असू शकतो. त्याच उंदरांमध्ये काहींच्या मणक्याला जन्मतः दोष पण आला. म्हणजे किंमत होती. तरीही ते टिकलं याचा अर्थ शेपूट नसण्याचा काहीतरी फायदा असणार, आणि तो नेमका कोणता यावर अजून वाद आहे. लोक पटकन म्हणतात की एप फांदीला लोंबकळायला लागले म्हणून शेपूट गेली. तर तसं नाही, कारण केनियात व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर १.८ कोटी वर्षांच्या आसपासचे एप मिळालेत, संशोधक मेरी लीकीला १९४८ साली तिथेच अशा एका एपची प्रसिद्ध कवटी मिळाली, या एपना शेपूट नव्हती पण शरीर अजून फांदीच्या वरून चार पायांवर चालणाऱ्याचंच होतं. लोंबकळणं नंतर आलं. ते आल्यावर मात्र खांदा बदलला, छाती चपटी आणि रुंद झाली, हात डोक्याच्या वर सगळीकडून फिरायला लागला. सकाळी ८.१० ला ठाण्याहून लोकलमध्ये कडीला धरून एका हातावर लटकत दादरपर्यंत जाता ना, तो खांदा एपचा आहे. येऊरच्या माकडाला तसं जमणार नाही, त्याचा खांदा कुत्र्यासारखा पुढे-मागे हलणारा आहे.

त्यानंतरचा जवळपास एक कोटी वर्षांचा काळ हा एपचा सुवर्णकाळ. आफ्रिका, युरोप, आशिया, सगळीकडे एप, डझनावारी प्रकार, आणि माकडं त्या मानाने किरकोळ. मग हवामान कोरडं होत गेलं, बारा महिने फळं देणारी जंगलं आकसली, आणि हिशोब उलटला. माकडं लवकर वयात येतात, लवकर पोरं होतात, कच्ची फळं आणि पाला पचवतात. एपचं पोर वर्षानुवर्षं आईला चिकटलेलं, ओरांगउटानची आई तर एका पोरानंतर सात-आठ वर्षं थांबते. परिणाम म्हणजे आज आफ्रिका-आशियात माकडांच्या शंभरापेक्षा जास्त जाती आहेत आणि मोठ्या एपच्या माणूस धरून आठ. त्यातला माणूस सोडला तर सगळे धोक्यात. म्हणजे कोण मागे राहिलं आणि कोण पुढे गेलं असं मोजायचंच असेल तर आपलं घराणं हे पडती बाजू असलेलं घराणं आहे, त्यातला एकच मुलगा अचानक कुठच्याकुठे गेला. येऊरची माकडं यशस्वी फांदीवरची आहेत.

या सुवर्णकाळाचा एक मोठा अड्डा भारतात होता. शिवालिक, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या. हिमालय वर येत होता, नद्या त्याचा गाळ खाली आणून टाकत होत्या, म्हणजे जीवाश्मांसाठी आयती सोय, आपल्या बसाल्टच्या अगदी उलट. तिथे मिळालेल्या एका एपला १९१० साली गाय पिलग्रिम नावाच्या ब्रिटिश संशोधकाने शिवापिथेकस नाव दिलं. मग १९३२ साली येल विद्यापीठाचा एडवर्ड लुईस नावाचा तरुण हिमाचलात हरितल्यांगरला आला, त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, आणि त्याने १९३४ साली नाव ठेवलं रामापिथेकस. एवढ्यावर न थांबता ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस पण करून टाकले, खरंच, खोटं नाही सांगत.

रामापिथेकसचे दात छोटे, आणि लुईसने तुकड्यावरून अंदाज केला की जबडा माणसासारखा गोलसर असणार. काही वर्षं कोणी फार लक्ष दिलं नाही. १९६१ पासून ते फायूमवाले सायमन्स आणि नंतर डेव्हिड पिलबीम यांनी हा विषय उचलला आणि रामापिथेकस एकदम माणसाचा पहिला पूर्वज झाला, एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीचा. पाठ्यपुस्तकांत आला. भारतात लोकांना तर आनंदच, पहिला माणूस आपल्याकडचा, आणि नाव रामाचं. आजही जुन्या स्पर्धापरीक्षेच्या गाइडमध्ये तो सापडतो, नवीन गाइडं त्यावरूनच कॉपी होत असल्याने नवीन गाइडांमध्येही सापडतो.

मग १९६७ साली अमेरिकेत बर्कलेला व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन या दोघांनी हाडाला हातही न लावता हे सगळं पाडलं. त्यांनी रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन घेतलं. माणसाचं अल्ब्युमिन सशाला टोचलं की सशाचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्या अँटिबॉडी चिंपांझीच्या अल्ब्युमिनवर टाकल्या तर जवळजवळ तेवढ्याच जोरात रिॲक्शन येते, माकडाच्या अल्ब्युमिनवर बरीच कमी. जोर जेवढा कमी तेवढं नातं लांबचं. माकड आणि एप तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं धरून त्यांनी गणित केलं तर माणूस आणि चिंपांझी फक्त ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असं आलं. म्हणजे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी माणसाचा असा वेगळा पूर्वज असूच शकत नाही, तो कसाही दिसो. हाडवाले भयंकर चिडले, बरीच वर्षं मानले नाहीत. पण १९७०च्या दशकात जास्त पूर्ण जबडे मिळाले, ते गोलसर नव्हतेच. आणि पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा अख्खा चेहरा मिळाला, पिलबीमनेच १९८२ साली तो जाहीर केला, आणि तो चेहरा सरळसरळ ओरांगउटानचा होता, डोळ्यांच्या खोबणी, नाकाची ठेवण, सगळं. रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसचाच छोट्या चणीचा नमुना, बहुधा मादी, असं ठरलं. आपला आजोबा म्हणून ज्याचे फोटो लावले तो निघाला सुमात्रा-बोर्निओच्या पाहुण्यांच्या घरचा. पिलबीमने स्वतःच्या इतक्या वर्षांच्या म्हणण्यावर स्वतः पाणी सोडलं याचं मला जास्त कौतुक वाटतं.

शिवालिक त्यामुळे बिनकामाचं झालं असं मात्र नाही. जम्मूत उधमपूर जिल्ह्यात रामनगरला २०१५ साली एक चिमुकली दाढ मिळाली, २०२० साली जाहीर झालं की ती गिबनच्या घराण्यातल्या एपची आहे, साधारण १.३ कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे गिबनच्या बाजूचा तोपर्यंतचा सगळ्यात जुना पुरावा. नाव ठेवलं कपी रामनगरेन्सिस. यावेळी नाव बरोबर जागी बसलं. पुढे साधारण ८० लाख वर्षांपूर्वी शिवालिकमधली जंगलं जाऊन गवताळ माळ वाढले आणि तिथले मोठे एप संपले.

चिंपांझीपासून वेगळं होण्याचा एक पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. एक जोडी गेली कुठे? गेली नाही, जुळली. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र हे एपच्या दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांना चिकटून झालंय, आणि गुणसूत्राच्या टोकाला जी ठरावीक अक्षरं असतात ती आपल्या दोन नंबरच्या अगदी मधोमध सापडतात, १९९१ साली तो सांधा नेमका वाचला गेला. राज्य बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे, मुलांना हे दाखवलं पाहिजे, आणि एनसीईआरटीच्या दहावीतून तर २०२३ साली उत्क्रांतीचा भागच काढून टाकला, त्याबद्दल काय बोलायचं.

त्यापुढची माणसाची गोष्ट सगळ्यांना जास्त माहीत असते म्हणून भराभर सांगतो. आधी चालणं आलं, मेंदू नंतर. इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा मिळाला ती ल्युसी, माणसाच्या बाजूची, ३२ लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर चालायची पण मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फार मोठा नव्हता. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं आहेत, ३६ लाख वर्षांपेक्षा जुनी, अगदी आपल्यासारखी टाच आणि अंगठा. मेंदू नीट वाढायला लागला गेल्या २० लाख वर्षांत. आफ्रिकेतून बाहेर पडणं एकदा नाही, अनेकदा झालं, आपल्या नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला अरुण सोनाकिया यांना १९८२ साली जी कवटी मिळाली ती अशाच आधी येऊन गेलेल्यांपैकी कोणाचीतरी. आपल्या जातीची, होमो सेपियन्सची, सगळ्यात जुनी हाडं मोरोक्कोत जेबेल इरहूदला, तीन लाख वर्षांच्या आसपासची. आणि वाटेत निअँडरथल या माणसाच्याच दुसऱ्या, आता संपलेल्या जातीशी सोयरीकही झाली, आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या डीएनएमध्ये त्यांचा एक-दोन टक्के भाग आहे, ठाणेकरांच्याही, ते वाचून दाखवणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. माणसाच्या बाजूचे जीवाश्म हजारांनी आहेत, आणि चिंपांझीच्या बाजूचे? २००५ साली केनियातून पहिल्यांदा चिंपांझीचे म्हणून ओळखलेले जीवाश्म जाहीर झाले, मोजके काही दात, पाच-साडेपाच लाख वर्षांपूर्वीचे. सत्तर लाख वर्षांच्या अख्ख्या घराण्याचे नुसते दात. एक कारण म्हणजे दमट जंगलातल्या मातीत हाडं विरघळून जातात, चिंपांझी तिथेच राहिले. दुसरं कारण मला वाटतं शोधणाऱ्यांचं मन. आफ्रिकेत कुणालाही जुनी कवटी मिळाली की त्याला ती माणसाच्या पूर्वजाची हवी असते, चिंपांझीचा पूर्वज शोधायला कोण पैसे देणार? रामापिथेकसचं जे झालं ते परत होऊ शकतं. चाडमध्ये २००१ साली मिळालेला सहेलान्थ्रोपस, ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, पुस्तकांत माणसाच्या बाजूचा सगळ्यात जुना म्हणून दाखवतात. त्याच्या मांडीच्या हाडावर २०२० साली एका गटाने लिहिलं की हा दोन पायांवर चालणारा वाटत नाही, २०२२ साली दुसऱ्या गटाने तेच हाड घेऊन लिहिलं की चालत होता. त्यामुळे तो आपल्या घरचा की चिंपांझीच्या, की दोघं वेगळे व्हायच्या आधीचा, हे अजून ठरलेलं नाही.